तेरा वर्षं न मोडलेला किल्ला

(यंदाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दोघा बहीण-भावांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आम्ही याआधी आलो ते नाट्यछटा करायला, श्लोक म्हणायला आणि चित्रकलेचं उत्तेजनार्थ बक्षीस घ्यायला. व्याख्यानासाठी पहिल्यांदाच उभे आहोत. विषय कळवायला कार्यवाह काकांना फोन केला आणि सांगितलं, "माइनक्राफ्ट नावाच्या कंप्यूटर गेममध्ये आम्ही तेरा वर्षं एक जग बांधतोय, त्याबद्दल बोलू." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग काका म्हणाले, "मुलांना गेमपासून लांब कसं ठेवावं, असं काही नाही का करता येणार?" तसं करता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आमच्या जगाबद्दल बोलणार, आणि शेवटी तुमच्या घरातल्या एका वस्तूबद्दल एक मागणं मागणार.

आधी हा गेम काय आहे ते. इंदूरमध्ये आपल्या मराठी घरांतून अजून दिवाळीत किल्ला करतात. माती, विटा, गोणपाट, वर मोहरी किंवा हळीव पेरायचे, मावळे मांडायचे. किल्ला कसा करायचा याचा नियम नाही. जिंकणं-हरणं नाही. संपला कधी, तर आपण म्हणू तेव्हा. माइनक्राफ्ट त्याच जातीचा खेळ आहे. अशा खेळांना इंग्रजीत सँडबॉक्स म्हणतात, म्हणजे मुलांना खेळायला ठेवलेली वाळूची पेटी. फरक एवढाच, की दिवाळीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो, मग आई म्हणते, "उचला आता तो पसारा." हा किल्ला कोणी उचलायला सांगत नाही. पुढच्या वर्षी त्याच किल्ल्याला आणखी एक बुरूज जोडता येतो. आम्ही तेरा वर्षं तेच करत आलोय.

गेम स्वीडनचा. मार्कस पर्सन या प्रोग्रामरने तो १७ मे २००९ रोजी पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला, आणि पूर्ण स्वरूपात तो १८ नोव्हेंबर २०११ला आला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. २०२३पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. त्यातली एक आमची. २०१२च्या मे महिन्यात पुण्याच्या मामाने त्याच्या कार्डावर घेऊन दिली. थोरला तेव्हा बारा वर्षांचा, धाकटी नऊची. घरात एकच कंप्यूटर, त्यामुळे एक बसायचा आणि दुसरी मागे उभी राहून सूचना द्यायची. अर्ध्या तासाने पाळी बदलायची. दोघांचं एकच जग आहे ते त्यामुळे.

त्या जगात सगळं ठोकळ्यांचं असतं. एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. माती, दगड, वाळू, लाकूड, सगळं त्याच मापात. झाड तोडायचं, फळ्या करायच्या, कुदळ करायची, दगड खणायचा, भट्टीत भाजायचा, मग भिंत. वीस मिनिटांत एक दिवस आणि रात्र होते. फुकटचे ठोकळे घेऊन बांधायचीही सोय आहे, पण आम्ही ती घेतली नाही. आमच्या जगातला एकूण एक दगड आमच्यापैकी कोणीतरी खणलेला आहे.

आता यातला खरा गमतीचा भाग, जो बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही. जग सुरू होताना एक आकडा ठरतो, त्याला सीड म्हणतात, म्हणजे बी. त्या आकड्यावरून हिशेब होऊन डोंगर, नद्या, जंगलं ठरतात. आकडा तोच आणि गेमची आवृत्ती तीच असेल, तर जगात कुठेही तेच डोंगर उभे राहतील. पण सगळी जमीन एकदम तयार होत नाही. आपण चालत जाऊ तसतशी ती १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांनी घडत जाते आणि डिस्कवर लिहिली जाते. जिथे कोणी गेलंच नाही, ती जमीन फक्त आकड्यात असते. आणि एकदा लिहिली गेलेली जमीन तशीच राहते. पुढे गेम बदलला, जमीन घडवण्याचे नियम बदलले, तरी जुनी जमीन जुन्याच नियमांची. नव्या नियमांची जमीन हवी असेल तर आपल्या ओळखीच्या मुलखाच्या बाहेर चालत जायचं.

हे आम्हांला २०१३च्या शेवटी नीट कळलं. आम्ही तेव्हा राजवाडा बांधत होतो. इंदूरची मुलं दुसरं काय बांधणार? आपला राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, हे तुम्हांला सांगायला नको. दगड झाला. लाकडाला रंग जमेना. आमच्याकडची झाडं ओक, बर्च, स्प्रूस, फार तर जंगलातली. सगळी फिकट नाहीतर मातकट. आजोबा मागून बघून म्हणाले, "हा राजवाडा आहे की लग्नाचा मांडव?" त्या ऑक्टोबरात गेमची १.७ आवृत्ती आली आणि तीत काळपट लाकडाचा नवा ओक आला. पण तो आमच्या जुन्या मुलखात उगवणारच नव्हता. मग आम्ही निघालो. भाकरी, तलवार, नाव घेऊन पूर्वेला. जुनी हद्द जिथे संपत होती तिथे जमीन सुरीने कापल्यासारखी होती. इकडे समुद्र, आणि त्याच ओळीवर पलीकडे उभा डोंगराचा कडा, सरळ रेषेत, दूरपर्यंत. आमचा मुलूख किती मोठा आहे हे आम्हांला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्या कड्यावर चढून, पलीकडे तीन दिवस (तिथले, वीस मिनिटांचे) चालून ते दाट जंगल सापडलं. रोपं घेऊन परत आलो. हे झाड एकट्या रोपातून येत नाही. चार रोपं चौकोनात लावली तरच वाढतं. राजवाड्यामागे आम्ही त्याची रांग लावली. आजही आहे. तो कडाही तसाच ठेवलाय.

राजवाडा २०१४च्या उन्हाळ्यात पूर्ण झाला आणि २०१५च्या एका संध्याकाळी जळाला. त्या जगात वादळ होतं, वीज पडते आणि वीज पडली की आग लागते. उघड्यावरची आग पाऊस विझवतो, पण छपराखाली शिरलेली आग तो विझवू शकत नाही, आणि लाकडाशेजारी लाकूड असलं की ती सरकत जाते. वरचे चारही लाकडी मजले गेले. खालचे तीन दगडी उभे राहिले.

आमच्याकडे आदल्या रविवारची प्रत होती. आमचे बाबा नोकरीत रोज संध्याकाळी सगळ्या हिशेबांची प्रत काढूनच घरी येणारे. त्यांनी पहिल्याच महिन्यात शिस्त घालून दिली होती, की दर रविवारी जगाचं फोल्डर दुसरीकडे उतरवायचं. तेव्हा पाच मिनिटांचं काम होतं. जुनं फोल्डर परत ठेवलं की आग लागलीच नाही. थोरल्याचं मत ते. धाकटी म्हणाली, आग लागली आहे, आपण दोघांनी पाहिली आहे, आता ती लागली नाही असं कसं म्हणायचं? रडारड झाली. एकमेकांशी बोलणं बंद झालं. शेवटी दोघं आजोबांकडे गेलो. त्यांना गेम कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता. पण त्यांनी १९८४ साली खरा राजवाडा जळताना पाहिला होता. त्यांनी आम्हांला त्या रात्रीबद्दल सांगितलं. आम्ही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. मग पुढे मागचा भाग पुन्हा कसा उभा केला गेला ते सांगितलं. आणि म्हणाले, "बांधा परत. हात आहेत ना?"

आम्ही परत बांधला. आठ महिने लागले. चौथ्या मजल्याच्या सुरुवातीला एक ओळ अजून जुन्या लाकडाची आहे, जी जळायची राहिली होती. २०२१मध्ये गेममध्ये तांब्याचा विजेचा दांडा आला, तेव्हा पहिले तीन दांडे राजवाड्यावर बसले.

या प्रसंगातून आमच्या जगाला एक नियम मिळाला, तो असा: जग बिघडलं म्हणून जुनी प्रत परत आणायची नाही. डिस्क बिघडली तरच आणायची. डिस्क २०१७ साली बिघडली. शनिवारी. म्हणजे सहा दिवसांचं काम गेलं, बाकीचं वाचलं. त्या सहा दिवसांत धाकटीने एक पूल बांधला होता. तो तिने पुन्हा बांधला नाही, आणि आम्ही अजून त्या जागी नावेतूनच पलीकडे जातो.

आता घराबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातले पुष्कळजण त्या घरात येऊन गेले आहेत. रामबागेतला आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. सात वाटेकरी झाल्यावर वाड्यांचं जे होतं तेच आमच्याही वाड्याचं होणार होतं. २०१५च्या दिवाळीनंतर व्यवहार ठरला. मोठी माणसं कागदपत्रांत गुंतली होती. आजोबा मात्र सकाळी उठून चौकात बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत.

आजोबा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. जानेवारीत एके दिवशी त्यांनी आम्हांला हाक मारली आणि विचारलं, "तुमच्या त्या खेळात माप कसं धरतात?" आम्ही सांगितलं, एक ठोकळा एक मीटर. ते म्हणाले, "मग भिंती मीटरभर जाड होतील, किल्ला होईल त्याचा." कपाटातून त्यांनी आलेख-कागद काढले, पोलादी टेप काढली, आणि पुढचे तीन आठवडे संध्याकाळी आम्ही तिघांनी तो वाडा मोजला. टेपचं एक टोक धाकटीच्या हातात, दुसरं थोरल्याच्या, आणि आजोबा पेन्सिल घेऊन मध्ये. त्यांनी प्रमाण ठरवलं: एक ठोकळा म्हणजे दीड फूट, कारण बाहेरच्या भिंती दीड फुटी. वाडा ४२ फूट बाय ९० फूट, म्हणजे २८ ठोकळे बाय ६०. हे छान बसलं. आतल्या नऊ इंची भिंती मात्र बसेनात. त्या अर्ध्या ठोकळ्याच्या झाल्या असत्या, आणि उभा अर्धा ठोकळा त्या खेळात नाही. म्हणजे प्रत्येक आतली भिंत दीड फुटी होणार आणि कुठल्या ना कुठल्या खोलीला नऊ इंच सोडावे लागणार. आजोबांनी त्यावर दोन दिवस विचार केला. मग कागदावर एकेका भिंतीपुढे बाण काढून दिले. देवघराचं काही घ्यायचं नाही. माजघराचं घ्यायचं नाही. सगळं बैठकीतून घ्या. "बैठकीत बसून फार भांडणं झाली," म्हणाले, "ती लहान झाली तरी चालेल."

बांधायला आम्हांला मेपर्यंत वेळ लागला. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, आड, मागचा गोठा, माडीवर जायचा अंधारा जिना. गेममधली दारं दोन ठोकळ्यांची, म्हणजे आमच्या प्रमाणात तीन फुटी, ती उपयोगाची नव्हती. दारांच्या जागी नुसत्या चौकटी ठेवल्या. आजोबा मागे खुर्ची टाकून बसायचे. "तुळया सात आहेत, तुम्ही सहा घातल्यात." "तो कोनाडा डावीकडे." "दिंडी दरवाज्याला अडसर कुठे आहे?" माऊसला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही.

एक गोष्ट आम्हां तिघांच्याही आधी लक्षात आली नव्हती. गेममधला माणूस साधारण पावणेदोन ठोकळे उंच असतो. दीड फुटाचा ठोकळा धरला, की त्या वाड्यात आपण जेमतेम पावणेतीन फुटांचे होतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाएवढे. पहिल्यांदा दिंडी दरवाज्यातून आत गेलो तेव्हा चौक केवढातरी मोठा दिसला, ओसरीच्या पायऱ्या चढायला उड्या माराव्या लागल्या, आणि तुळया लांब वर कुठेतरी. लहानपणी तो वाडा आम्हांला तेवढाच दिसायचा. आजोबांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "मलाही असाच दिसायचा." त्या दिवशी पुढे काही बांधकाम झालं नाही.

खरा वाडा त्याच महिन्याच्या शेवटी पाडला. तिथे आता पाच मजली इमारत आहे, तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. फ्लॅट चांगला आहे, पाणी चोवीस तास येतं. वाड्यात ते कधीच येत नव्हतं, हेही सांगायला हवं. आजीला वाड्याचा विषय काढलेला आवडत नाही. तिने त्या आडाचं पाणी पन्नास वर्षं शेंदलं.

आजी या जगात आली ती दुसऱ्या वाटेने. २०१३पासून आम्ही तिथे गणपती बसवतो. चौकोनी ठोकळ्यांत सोंड वळवणं म्हणजे काय दिव्य आहे, ते करून बघा. पहिल्या वर्षीचा गणपती ट्रॅक्टरसारखा दिसत होता. अनंत चतुर्दशी झाली आणि मूर्ती तशीच उभी राहिली, तेव्हा आजी म्हणाली, "बसवलाय ना? मग उठवा. असा वर्षभर ठेवतात का?" तेव्हापासून दर वर्षी मूर्ती एकेक ठोकळा काढून नदीकाठी नेतो. वाळू आणि माती पाण्यात सोडतो. आता यात एक पेच आहे. उत्सवातल्या रविवारच्या प्रतींमध्ये गणपती अजून बसलेलेच आहेत. बारा वर्षांचे बारा. आजीला हे अजून सांगितलेलं नाही, आज सांगतोय.

२०१८मध्ये थोरला शिकायला बाहेर पडला. मग परीक्षा, मित्र, नवीन गावं, जे सगळ्यांचं होतं ते. २०१९च्या जानेवारीपासून चौदा महिने जग कोणी उघडलं नाही. रविवारच्या प्रतीही थांबल्या, कारण बदललेलंच काही नव्हतं. मार्च २०२०ला टाळेबंदी लागली, थोरला घरी आला आणि आम्ही ते उघडलं. गहू जेवढा होता तेवढाच होता. भट्टीत अर्धं जळलेलं लाकूड अर्धंच जळलेलं. बसवून ठेवलेला कुत्रा ओसरीवर बसलेला. या जगाची ही खोड आहे, की माणूस आत नसेल तर तिथली वेळ चालत नाही. एवढंच नाही, माणूस आत असला तरी त्याच्या आसपासचीच वेळ चालते. लांबच्या शेतात पीक हवं असेल तर तिथे जवळपास राहावं लागतं. दुरून शेती होत नाही. हे ऐकून आजोबा म्हणाले होते, "आमच्या उज्जैनकडच्या जमिनीचंही तेच झालं."

आजोबा २०२१च्या मेमध्ये गेले. त्याबद्दल आम्ही जास्त बोलणार नाही. बोलायचं आहे ते त्या वर्षीच्या डिसेंबराबद्दल.

३० नोव्हेंबर २०२१ला गेमची १.१८ आवृत्ती आली. हा बदल साधा नव्हता. तोवर जगाचा तळ शून्यावर होता. तिथे काळा अभेद्य खडक असायचा, जो कुठल्याही कुदळीने फुटत नाही. नव्या आवृत्तीत तळ उणे चौसष्टपर्यंत खाली गेला, आणि जुन्या जगांच्याही खाली हा नवा थर भरला जाणार होता. म्हणजे पहिल्यांदाच आमच्या जुन्या मुलखाला हात लागणार होता. वरून नाही, खालून.

आमच्यात यावर महिनाभर वाद झाला. थोरल्याचं म्हणणं, आता नाही. आजोबांनी पाहिलं तसं राहू दे. आवृत्ती बदलली नाही तर काही बिघडत नाही, जुनी चालतेच. आणि ते खरं आहे. अमेरिकेत कर्ट जे. मॅक नावाचा एक खेळाडू आहे. त्याने मार्च २०११मध्ये एका जगात एका दिशेला चालायला सुरुवात केली. जुन्या आवृत्त्यांमध्ये केंद्रापासून सुमारे सव्वाकोटी ठोकळ्यांवर हिशेब बिनसायचा आणि जमिनीच्या जागी अक्राळविक्राळ भिंती उभ्या राहायच्या. तिथे पायी पोचायचं, हा त्याचा संकल्प. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या आवृत्तीतून त्या भिंती काढून टाकल्या गेल्या. तो जुन्याच आवृत्तीत थांबला आणि वर्षानुवर्षं चालत राहिला. ते चालणं लोकांना यूट्यूबवर दाखवत आजारी मुलांसाठीच्या एका संस्थेला त्याने देणग्या मिळवून दिल्या. थोरला म्हणाला, बघ, थांबूनही जग चालू राहतं.

धाकटीचं म्हणणं वेगळं होतं. तो माणूस थांबला कारण त्याला जिथे जायचं होतं ते जुन्या आवृत्तीतच होतं. आपल्याला कुठे जायचं आहे? आजोबांनी पाहिलं तसं ठेवायचं तर राजवाड्यावर दांडेही नकोत, ते त्यांच्या माघारी बसवले. वाड्याच्या भिंतींना हात लावायचा नाही हे कबूल. पण वाडा सोडून बाकीचं जग आपलं आहे, आणि आपल्याला अजून बांधायचं आहे.

शेवटी ठरलं ते असं. जुन्या आवृत्तीची एक पूर्ण प्रत काढून ठेवायची, ती कधी उघडायची नाही. आणि चालतं जग पुढे न्यायचं. वाड्याच्या २८ बाय ६० ठोकळ्यांत दोघांच्या संमतीशिवाय काही बदलायचं नाही. २५ डिसेंबरला रात्री, एक भोपाळला आणि एक इंदूरला, फोन कानाला लावून आम्ही ते केलं. आत गेल्यावर दोघंही न ठरवता आडाकडे गेलो. तो आड आम्ही २०१६मध्ये पार तळापर्यंत खणला होता, अभेद्य खडक लागेपर्यंत. आजोबांचा आग्रह, "आड उथळ नको." आता खाली उतरून पाहिलं तर तो काळा खडक तिथे नव्हता. त्या जागी साधा करडा खोलदगड होता, कुदळीने फुटणारा. धाकटीने दोन ठोकळे काढले. खाली अंधार होता, आणि पाण्याचा आवाज येत होता.

तो आड आम्ही अजून पुढे खणलेला नाही. एकमत झालेलं नाही.

आता मंडळातल्या लहान मुलांबद्दल. तुमच्यापैकी सहाजणांनी आम्हांला विचारलंय, की तुमच्या जगात आम्हांला घ्या. आम्ही नाही म्हटलं, त्याचं कारण सगळ्यांसमोर सांगतो. एप्रिल २०१४मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने आपला आख्खा देश या खेळात मूळ मापात बांधून सगळ्यांना खुला केला. थोड्याच दिवसांत काही उपद्व्यापी मंडळी आत शिरली, इमारती स्फोटकांनी उडवल्या आणि अमेरिकेचे झेंडे रोवले. खात्याचं फारसं अडलं नाही, कारण त्यांच्याजवळ मोजणीचा सगळा कच्चा माल होता, देश पुन्हा उभा करता येत होता. आमच्याजवळ आजोबांचे कागद आहेत, पण आजोबा नाहीत. तुम्ही स्फोटकं लावाल असं आम्ही म्हणत नाही (तुमच्यातल्या एकाबद्दल खात्री नाही). पण आमच्या जगाची पूर्ण प्रत आम्ही तुम्हांला देऊ. ती तुमची. तिच्यात तुम्ही राजवाड्याला आठवा मजला चढवा, वाडा पाडून मैदान करा, आड खणून टाका. आमची परवानगी लागणार नाही. आत खाली काय सापडलं ते मात्र आम्हांला सांगू नका.

आणि आता मोठ्यांकडे मागणं. दसरा-दिवाळीची आवराआवर येतेय. तुमच्या घरात माळ्यावर किंवा पलंगाखाली एक जुना कंप्यूटर आहे. तो आता कामाचा नाही, म्हणून भंगारवाल्याला किलोवर द्यायचा किंवा कुणा गरजू मुलाला पुसून द्यायचा, असा विचार तुम्ही करत असाल. त्यावर तुमचा मुलगा किंवा मुलगी दहा-बारा वर्षांपूर्वी तासन्‌तास बसत असे. त्यांना आज फोन करून विचारलंत तर तेही म्हणतील, "टाकून द्या, त्यात काही नाही." ते आता बंगलोरला, पुण्याला, टोरांटोला आहेत, घाईत आहेत. पण त्यात बहुतेक काहीतरी आहे. २०१३-१४च्या सुमाराला आपल्या वसाहतीतल्या निम्म्या मुलांकडे हा खेळ होता, आम्ही एकमेकांच्या घरी जाऊन खेळायचो, आम्हांला माहीत आहे. तुमच्या घराची, गच्चीची, शाळेची नक्कल त्यातल्या कितीतरी जणांनी केली होती. ते जग म्हणजे एक फोल्डर असतं, त्याचं नाव "सेव्हज". आमचं तेरा वर्षांचं मिळून सव्वातीन जीबीचं आहे, नखाएवढ्या कार्डावर मावतं. टॅब किंवा फोनवर खेळत असतील तर जास्त सांभाळा. तिथे गेम उडवला की आतलं जगही सहसा त्याच्याबरोबर जातं.

मशीन चालू होत नसेल तरी टाकू नका. डिस्क काढून बघता येते. पासवर्ड आठवत नसेल तरी या. विसर्जनानंतरचे चार रविवार, संध्याकाळी पाच ते आठ, आम्ही दोघं मंडळाच्या वाचनालयात बसणार आहोत. अध्यक्षांनी टेबल आणि दोन एक्स्टेन्शन बोर्ड द्यायचं कबूल केलंय. प्रत काढून पेन ड्राइव्हवर देऊ, आणि हवी असेल तर तिथेच उघडून दाखवू. पैसे घेणार नाही. पेन ड्राइव्ह तुमचा आणा, आणि जुन्या कंप्यूटरची वायर आणायला विसरू नका, त्या जाड पिनांच्या वायरी आता दुकानात लवकर मिळत नाहीत.